दर माणशी दोन टन

मोनाली साळवेला एका जागी बसवत नसे. लहानपणी आई म्हणायची, "या पोरीच्या बुडाखाली इंगळ हाय." पुढे पोरगी एकतीस वर्षांची झाली, जालन्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागली, तरी तो इंगळ काही विझला नाही. शिकवायला लागली म्हणजे तासिका तत्त्वावर. तास झाला तर मानधन, सुट्टी पडली तर बसा घरी. स्टाफरूममध्ये तिला स्वतःची खुर्ची नव्हती. कायम असलेल्यांपैकी कोणी रजेवर गेलं की त्याच्या खुर्चीत टेकायचं, तो आला की उठायचं. सहा वर्षांत तिला उभ्यानेच पेपर तपासायची सवय लागली.

ती भोकरदन तालुक्यातल्या धावड्याची. गावातून अर्थशास्त्राच्या पीएचडीपर्यंत पोचलेली ती पहिलीच बाई, आणि बापे तरी कुठे पोचले होते? आईवडील ऊसतोड मजूर. दिवाळी झाली की कडूबा आणि बेबीनंदा रखमाजी मुकादमाच्या टोळीबरोबर अंबडकडे, अंकुशनगरच्या भागात जायचे. मोनालीही सातवीपर्यंत त्यांच्यामागे फडाफडातून हिंडली, मग वसतिगृहात राहिली. ती दहावीत असताना कडूबा गेला. त्यानंतर बेबीनंदा पाच हंगाम एकटीच जात राहिली आणि पोरीने पुस्तक खाली ठेवलं नाही.

संशोधनाला विषय हाच घ्यायचा, हे तिने फार आधी ठरवलं होतं. ऊसतोड मजुराची उत्पादकता. रखमाजीने आपली वही दिली, ओळखीच्या आठ मुकादमांच्या वह्या मिळवून दिल्या. चार वर्षं ती सुट्टी मिळाली की फडात जायची, तराजूच्या पावत्या बघायची, वहीतलं एकेक नाव उतरवून घ्यायची. आणि तिच्या हाती एक आकडा लागला. मराठवाड्यातला ऊसतोड मजूर दर माणशी रोज दोन टन ऊस तोडतो. मार्गदर्शक राधेश्याम सर खुर्चीतून उठलेच. "मोनाली, हा आकडा गाजणार! एवढी उत्पादकता कोणी दाखवलेली नाही." दोन बाहेरच्या परीक्षकांनीही प्रबंधावर 'उल्लेखनीय' असा शेरा मारला.

आता फक्त खुली मौखिकी राहिली होती. सभागृहात सगळ्यांसमोर प्रबंध मांडायचा, प्रश्नांना उत्तरं द्यायची, की त्याच दुपारी निकाल. तारीख पडली शुक्रवारची. आणि सोमवारी तिच्याच कॉलेजात मुलाखती होत्या. अर्थशास्त्राची एक कायमची जागा, अकरा वर्षांनी निघालेली. सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "शुक्रवारी डॉक्टर झालीस तर सोमवारी खुर्ची तुझी. नाही झालीस तर पुन्हा जाहिरात कधी निघेल ते मला विचारू नकोस." त्या आठवड्यात मोनालीने जेवताना ताट हातात घेऊन घरभर फेऱ्या मारल्या. झोपेतही म्हणे ती पाय हलवत होती.

शुक्रवारी बेबीनंदा निळी साडी नेसून मागच्या रांगेत बसली. तिच्या मांडीवर तीन किलो पेढ्यांचा खोका होता. सहकारी दैवशाला मॅडमनी तो आधीच आणून ठेवला होता. मौखिकीत कोणी नापास होत नसतं, तेव्हा पेढे आधी आणायचीच रीत पडून गेली आहे. मोनालीने पाऊण तास बोलून सगळं मांडलं, बोलता बोलता व्यासपीठावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली. शेवटचा तक्ता पडद्यावर आला.

"एकूण मजूर एकशे एकोणनव्वद पूर्णांक पाच. दर माणशी रोजचा ऊस दोन टन."

एवढ्या शिकलेल्या माणसांत, तो 'पूर्णांक पाच' म्हणजे अर्धा मजूर कोण, असं एकानेही विचारलं नाही. आकड्यात टिंब दिसलं की शिकलेली माणसं मान डोलावतात.

मग अध्यक्षांनी नेहमीचं वाक्य उच्चारलं, "उपस्थितांपैकी कोणाला काही विचारायचं असेल तर विचारावं." हे वाक्य उच्चारायचं असतं, त्याला उत्तर द्यायचं नसतं. लोकांचं लक्ष जेवणाकडे लागलेलं असतं. पण हे बेबीनंदाला कोणी सांगितलं नव्हतं. ती पेढ्यांचा खोका कमरेवर घेऊन उभी राहिली.

"मला इचारायचं हाय. इचारू का, साहेब?"

सभागृहात हसू पिकलं. अध्यक्ष कौतुकाने म्हणाले, "विचारा ना, बाई. तुमचाच दिवस आहे."

"पोरगी म्हणून राह्यली, एक माणूस दोन टन तोडतो. असा माणूस हिला घावला कुठं? म्या एकोणीस वर्षं ऊस तोडला. एकल्यानं दोन टन पाडणारा म्या न्हाई पाह्यला. हिचा बाप लई झपाट्याचा होता. तो बुडख्याला घाव घालायचा, म्या पाचट काढायची, मोळ्या बांधायची, डोक्यावर वाहून गाडीवर टाकायची. तव्हा कुठं दोघांचे मिळून दोन टन. एकल्याचे न्हाई, बिलकुल न्हाई."

हसू जागच्या जागी जिरलं. राधेश्याम सर घाईने उठले. "मातोश्रींचा अनुभव मोलाचा आहे. पण संशोधनाची एक पद्धत असते, व्याख्या असतात..."

मोनालीला पुढचं काही ऐकू आलं नाही. तिला रखमाजीची वही दिसत होती. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाच्या वहीत एका कोयत्याला एक ओळ, एका ओळीला एक नाव, आणि ते नाव पुरुषाचं. तिने ओळी उतरवल्या आणि वर मथळा दिला, 'मजूर'. दुसऱ्या कोणी, पुण्याच्या-बिण्याच्या पोरीने हे काम केलं असतं, तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं की कोयता म्हणजे काय. मोनालीला विचारायची गरज पडली नाही, कारण तिला ते पाळण्यापासून माहीत होतं. घरच्या माणसाला घरातला वास येत नाही म्हणतात, तसं झालं. बायकांशी ती बोलली नव्हती असं नाही. पाणी कुठून आणता, पोरं कोण सांभाळतं, भाकरी कधी थापता, सगळं विचारलं होतं. त्याचं चौथं प्रकरण होतं, 'मजुरांची कौटुंबिक स्थिती'.

सरांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत सगळं होतं. 'नोंद घेतली' एवढंच म्हण आणि खाली बस. एका वाक्याचं काम होतं. आईचं बोलणं दुपारच्या जेवणात विरून गेलं असतं. मोनालीला ती खुर्ची हवी होती, जिवापाड हवी होती, हे खोटं कशाला सांगा. स्वतःच्या नावाची, कोणी आलं म्हणून उठावं न लागणारी खुर्ची.

"माझी आई बरोबर सांगतेय," ती म्हणाली. "माझा आकडा चुकलाय. एक कोयता म्हणजे दोन माणसं असतात. मी एक धरला. बायका मोजायच्या राहिल्या."

सर मटकन खाली बसले. परीक्षक अर्धा तास बंद दाराआड होते. बाहेर येऊन अध्यक्षांनी जाहीर केलं की प्रबंध दुरुस्त करून सहा महिन्यांत पुन्हा सादर करावा. पेढ्यांच्या खोक्याची दोरीसुद्धा सुटली नाही.

हसनाबादवरून जाणाऱ्या एसटीने दोघी मायलेकी गावी निघाल्या. गाडी अर्धी रिकामी होती, तरी मोनाली दांड्याला धरून उभी. बेबीनंदा हसनाबाद येईपर्यंत पेढ्यांचा खोका मांडीवर धरून बसली होती. मग हळूच म्हणाली, "म्या गप बसले असते तर?"

"तर सोमवारी मला नोकरी लागली असती," मोनाली म्हणाली.

"मंग मला तिथं न्हेलंच कशाला? मला काय ठावं, इचारा म्हणत्यात अन् इचारायचं नसतंय."

मोनालीला आईचा राग आला होता. आई खरं बोलली म्हणूनच आला होता, आणि खरं बोलणाऱ्यावर राग काढायला जागा सापडत नाही. स्वतःचा तर इतका आला होता, की धावडा येईपर्यंत तिने तीनदा बॅगेतून प्रबंध काढला आणि तीनदा परत कोंबला. "माय, तू बराबर होतीस," हे तिने घराच्या दारात पोचल्यावर सांगितलं, तेही पाठमोरं राहून. आईने ऐकलं आणि चूल पेटवायला घेतली.

सोमवारची मुलाखत चार मिनिटांत आटोपली.

"पीएचडी?"

"झालेली नाही. दुरुस्ती चालू आहे."

"कसली दुरुस्ती?"

तिने सांगितलं. समितीतले एक गृहस्थ खो खो हसले. "म्हणजे अर्थशास्त्रज्ञ बाईंनाच बायका दिसल्या नाहीत!"

"हो," मोनाली म्हणाली. "नाही दिसल्या."

जागा दुसऱ्याला गेली. तो माणूस वाईट नव्हता, त्याने दुसऱ्या दिवशी तिला स्वतःहून चहा पाजला. मोनालीने तो उभ्यानेच प्यायला आणि बाहेर येऊन बसस्टँडच्या भिंतीआड मनसोक्त रडली. रडून झालं तरी पाय थांबेनात. हंगाम संपत आला होता. महिन्याभरात टोळ्या गावी परतल्या की मोजायच्या राहिलेल्या त्या बायका पांगणार, कोणी बांधकामावर, कोणी वीटभट्टीवर. आता गेलं नाही तर पुढची दिवाळी.

घरी आली तर बेबीनंदा पिशवी भरून उंबऱ्यात बसलेली. पिशवीत दोन लुगडी, भाकरीचं पीठ आणि तोच पेढ्यांचा खोका.

"चल. जल्दी कर, अंबडची गाडी निघून जाईल."

"तू कशाला?"

"तू इचारलं तर बाया म्हणतील, ह्यांनाच इचारा. म्या इचारलं तर सांगतील."

अंकुशनगरच्या अलीकडे एका फडात त्यांनी रखमाजीच्या टोळीला गाठलं. रखमाजी आता साठीला आला होता, पण वही तीच, लाल कापडी पुठ्ठ्याची. मोनालीने त्याला प्रत्येक ओळीतल्या बाईचं नाव विचारलं. त्याने वही पुढे धरली, मागे धरली, चष्मा पुसला. वीस-वीस वर्षं ज्यांना गाडीत घालून आणलं, त्यांच्यातली चार-पाच नावं त्याला आली. बाकीची ही वसंताची, ती आदिनाथची.

"असं कोणी इचारतंय का, मॅडम?" तो ओशाळून म्हणाला.

बायकांची त्याहून न्यारी तऱ्हा. नाव विचारलं की पदर तोंडाला लावून हसायच्या. "माझं कशाला? ह्यांचं हाय की लिवलेलं." बेबीनंदाने खोका उघडला. पेढे वाळून खडे झाले होते. "नाव सांग अन् पेढा घे," ती म्हणाली. मग मात्र रांग लागली. पाचटात पाय रोवून मोनाली नावं लिहीत गेली, किती वाजता उठता, किती मोळ्या, किती खेपा, सगळं. एका ओळीच्या दोन ओळी होत गेल्या. पेढे कडक होते, बायकांनी ते पाण्यात बुडवून पोरांना चारले.

शेवटी एक बाई राहिली. काळीसावळी, हाताला चिंधी बांधलेली. मीना.

"तिचं येगळं हाय," रखमाजी म्हणाला. "नवरा वारला तिचा. ती अर्धा कोयता."

मोनालीचा पेन थांबला. तिने बॅगेतून जुना तक्ता काढला. नऊ टोळ्यांत मिळून अकरा विधवा. अकराही ओळींपुढे तिच्याच अक्षरात, ०.५. हेच ते पूर्णांक पाच. मुकादमाने सांगितलं अर्धा, तिने लिहिलं अर्धा.

बेबीनंदाला वाचता यायचं नाही, पण आकडे ओळखता यायचे. तिने तक्त्यावर बोट ठेवलं. "ह्यो अर्धा कोण?"

"मीना. आणि तिच्यासारख्या."

"म्यापण पाच सालं एकलीच आल्ते. एकलीनंच तोडला, बांधला, वाह्यला. त्याच्यावर तुझं कालेज झालं." तिचं बोट अजून टिंबापाशीच होतं. "म्हंजी त्या सालात तू वही घिऊन आली असतीस, मोना, तर मलाबी अर्धीच लिवली असतीस?"

मोनालीने आईलाही अर्धीच लिहिलं असतं. अगदी बिनचूक लिहिलं असतं, टिंबासकट.

ती मीनाच्या शेजारी पाचटावर खाली बसली. तक्ता मांडीवर घेतला, आणि अकरा ठिकाणचा अर्धा खोडून अकरा ठिकाणी एक लिहिला. त्याला बराच वेळ लागला. मग तिने नवं पान काढलं.

"ताई," ती मीनाला म्हणाली, "पूर्ण नाव सांगा."