चाचांना न सांगितलेलं

उद्यमनगरात सोमवारी कारखान्यांना सुट्टी. त्या सकाळी आम्ही लहान फाउंड्रीवाले एका चहाच्या गाड्यावर जमायचो. येताना प्रत्येकानं आठवड्यातलं एक बिघडलेलं कास्टिंग पिशवीतून आणायचं, असा तिथला रिवाज. चांगला माल दाखवला तर "पावणं, देव्हाऱ्यात ठेवा की त्यो!" अशी खिल्ली उडायची.

मी इंजिनीअरिंगची पदवी घेऊन धंद्यात पडलो, पण लोखंड ओतायला शिकलो ते या गाड्यावर. शिकवलं चाचांनी. उभा जन्म भट्टीपाशी काढलेले चाचा माझं कास्टिंग हातात फिरवत म्हणायचे, "साच्याची वाळू वली ऱ्हायलीया लेका. घाई केलीस." माझ्या बाबतीत ते कधी चुकले नाहीत.

एका सोमवारी चाचांनीच पंपाचं कास्टिंग आणलं. वरून छान, कापलं की आत भोकं. पुण्याचं गिऱ्हाईक माल परत पाठवत होतं, आणि चाचांकडे दुसरं मोठं गिऱ्हाईक नव्हतं. सगळ्यांनी डोकं खाजवलं. मला उत्तर माहीत होतं. बेळगावच्या एका ओळखीच्या कारखानदारानं ते नुकतंच शिकवलं होतं. आतली पोकळी धरणाऱ्या वाळूच्या गोळ्यात मेणाचा दोरा घालायचा. गोळा भाजताना मेण वितळतं आणि भोकं पाडणाऱ्या वायूला बाहेर पडायला वाट राहते. पण त्याच गिऱ्हाइकाला मीही माझे दर पाठवून बसलो होतो.

"तुझ्या ध्यानात काय येतंय का रं?" चाचांनी विचारलं.

"न्हाय चाचा," मी म्हणालो.

ते काम मला मिळालं. वर्षाच्या आत चाचांची भट्टी बंद पडली. मी सोमवारचं जाणं टाळू लागलो. व्याप वाढलाय, असं सांगायचो. खोटं होतं ते. मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

परवा दिवाळीनंतर चाचा गडमुडशिंगीहून वडापच्या खचाखच भरलेल्या जीपगाडीनं माझ्या शेडवर आले. गुडघे गेलेले, दम लागलेला. खुर्चीत टेकायच्या आधीच बोलू लागले, "आरं, घावलं की! मिरजंला जुन्या दोस्ताकडं गेलतो, त्यानं दावलं. मेणाचा दोरा घालायचा. माझं तर बंद झालं, पर तुझं अडाय नको."

मग दोरा किती जाड, कुठून कुठं न्यायचा, हे त्यांनी टेबलावर बोटानं आखून दाखवलं. त्यांच्या पाठीमागे, केबिनच्या उघड्या दारापलीकडे, शेडच्या त्या टोकाला, माझी माणसं वाळूच्या गोळ्यांत दोरेच घालत बसली होती.

"कळलं न्हवं?" त्यांनी विचारलं.

"कळलं, चाचा," मी म्हणालो, आणि उठून मधलं दार लोटून घेतलं.