आजोबांच्या गाडीचा मागचा बोल्ट

बाळांनो,

मागच्या रविवारी तुमच्या आईने व्हिडिओ कॉलवर तुम्हाला सांगितलं की आजीने एकटीने गाडीचं इंजिन दुरुस्त केलं होतं, आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. मला स्क्रीनवर तेवढंच दिसलं, मग आवाज गेला. गोष्ट तशी नाही. कशी आहे ते मलाही पुरतं कळलेलं नाही, पण जे घडलं ते क्रमाने लिहून ठेवते. आत्ताच लिहिते, कारण उजव्या हाताची बोटं हल्ली सकाळी वळत नाहीत, आणि या गोष्टीत काम त्याच हाताचं आहे.

तुमचे आजोबा कुहीकडच्या धान पिकवणाऱ्या घरातले. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. आम्ही नंदनवन कॉलनीत घर बांधलं तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावली. त्यांना चिठ्ठी वाचून एकही डबा कधी सापडला नाही. ते झाकण उघडून वास घ्यायचे.

ही गोष्ट घडली त्या वर्षी जानेवारीत त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. तीन महिने वाकायचं नाही, उचलायचं नाही, जोर लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्याच सुमारास गाडीही बंद पडली. किल्ली फिरवली की टक् असा एक आवाज, पुढे काही नाही. गल्लीच्या टोकाच्या गॅरेजवाल्याने येऊन पाहिलं. "सेल्फ गया, काकाजी," तो म्हणाला. सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर. "वो एकदम पीछे है. आधा इंजन खोलना पडेगा. इतनी पुरानी गाडी, निकाल दो अब."

तुमच्या आईने तिकडूनच एक भंगारवाला ठरवला. सोमवारी सकाळी येऊन नेणार होता. तिचं काही चुकलं नाही. बाबांनी आता गाडी चालवू नये असंच तिला वाटत होतं.

आजोबा फोनवर "बरं" म्हणाले. त्या दिवसापासून ते पोर्चमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर गाडीकडे तोंड करून बसायचे. चहा समोर निवायचा. पोळी अर्धी टाकायचे. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांना जरा रंग आला होता, तो उतरायला लागला. फिरायला चला म्हटलं तर "पाय दुखतात" म्हणायचे, आणि पायांचं तर ऑपरेशन झालंच नव्हतं. माझी खात्री झाली की सोमवारी गाडीमागून हेही जातील. कुठे, ते मी मनातही म्हणत नव्हते.

शनिवारी सकाळी ते म्हणाले, "तुह्या हात दाखव."

मी हात पुढे केला. त्यांनी तो वर-खाली करून पाहिला. "जाईन," ते म्हणाले.

"काय जाईल?"

"हात. इंजिनामागं. माह्या पंजा जात नाही, अन् गेला तरी डॉक्टर मारन. तुह्या जाते."

मी वही घेतली. वहीत इंजिनाचं चित्र काढलं, निघणाऱ्या प्रत्येक वस्तूला नंबर द्यायचं ठरवलं, आणि बोल्ट ठेवायला इडलीपात्र आणलं, प्रत्येक खळग्यात एक. त्यांनी इडलीपात्राकडे पाहिलं.

"सांबारही करशीन का वं?"

सुरुवात सोपी होती. बॅटरीची मायनसची वायर काढली. हवेच्या फिल्टरचा डबा काढला. चार खळगे भरले, वहीत चार नंबर झाले. मग मी आत वाकून पाहिलं आणि माझा क्रम संपला. नळ्या, वायरी, काळं तेल, धूळ. माझ्या चित्रातलं काहीच आत दिसत नव्हतं. त्यांना विचारलं की सेल्फ कुठला, तर ते खुर्चीवरूनच म्हणाले, "दिसत नाही तो. हातानं पाह्य."

हाताने पाहायचं म्हणजे काय, हे मी आयुष्यभर कुणाला शिकवलं नव्हतं. इंजिन आणि मागची पत्र्याची भिंत यांच्यामध्ये एक फट होती, तिथून हात घालायचा. खालचा बोल्ट बोटांना लागला, त्यांनी दिलेला चौदा नंबरचा पाना बसला, बोल्ट निघाला. वरचा बोल्ट आणखी मागे होता. मनगट फटीत शिरलं आणि अडकलं. बांगड्या.

"काढ ना त्या," ते म्हणाले.

मी हात बाहेर घेतला आणि तशीच उभी राहिले. सहा हिरव्या काचेच्या बांगड्या. मला राग आला, पण कशाचा ते कळेना. वर्गात मी मुलींना सांगितलं होतं की मांजर आडवं गेलं तर मांजराला काम असतं. आणि आता नवरा छातीला पट्टा बांधून समोर बसलेला असताना माझ्याने हात भुंडा करवत नव्हता.

"काहून थांबली वं?"

"नाही काढणार."

"अवं बाप्पा! मास्तरीण ना तू?"

"असेन."

"अन् गाडी भंगारात जाऊ देशीन, पण बांगडी नाही काढशीन?"

"हो," मी म्हटलं, आणि मलाच ते उत्तर विचित्र वाटलं.

ते खुर्चीच्या हातांवर न टेकता उभे राहिले आणि आत गेले. स्वयंपाकघरातून डब्यांची झाकणं उघडल्याचे आवाज आले. एक, दोन, तीन. ते वास घेत होते. बाहेर आले तेव्हा त्यांच्या बोटांत हळदीत भिजवलेला दोरा होता.

"कासारीण काय करते? जुन्या काढते, नव्या भरते. मधात हातात काय बांधते?"

"दोरा."

"मंग? मी कासारीण." त्यांनी बांगड्यांच्या वर, मनगटावर दोरा गुंडाळला. "दोन गाठी मारल्या. आता कुठं जातो मी?"

मग मी हाताला साबण लावला, प्लास्टिकची पिशवी चढवली आणि बांगड्या ओढल्या. पाच निघाल्या. सहावी अर्ध्यात आली आणि पिचली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "वाढली म्हण," ते म्हणाले. मी म्हटलं, "वाढली." वहीत काय लिहावं ते कळेना, म्हणून ती ओळ कोरी सोडली.

आता हात गेला. पाना बोल्टवर बसला.

"डाव्या अंगाले फिरव," ते म्हणाले. मी फिरवला. बोल्ट हलला. थोडा हलला, मग घट्ट झाला. पुन्हा पाना बसवला, पुन्हा डावीकडे. तासभर हेच. कोपराचं साल निघालं. हाताला जे कळत होतं आणि कानाला जे सांगितलं जात होतं, त्यांचा मेळ बसेना. शेवटी मी म्हटलं, "अहो, हा ढिला होत नाहीये. आवळला जातोय."

"असं कसं? डाव्या अंगालेच ढिला होते. तीस वर्षं तेच केलं."

त्यांचं चुकेल असं मला वाटत नव्हतं आणि माझ्या हाताचं चुकतंय असंही वाटत नव्हतं. मी आत जाऊन साखरेची बरणी आणली. फिरकीच्या झाकणाची. "हे उघडा." त्यांनी झाकण डावीकडे फिरवून उघडलं. मी ते पुन्हा लावलं, बरणी आडवी धरली आणि तिचा तळ त्यांच्या डोळ्यांसमोर आणला. "आता बरणीमागून हात घालून उघडा."

त्यांनी हात घातला. झाकण त्यांना दिसत नव्हतं, पण हाताने ते या वेळी उजवीकडे फिरवलं. पोर्चभर साखर सांडली.

बोल्टचं डोकं पलीकडे तोंड करून होतं. मी मागून हात घालत होते, म्हणून सगळं उलट. ते इतके हसले की मी घाबरले. छातीवर हात दाबून म्हणाले, "माह्या हाताले माहीत आहे वं ते. तोंडाले नाही. मी कधी कोणाले सांगतलंच नाही, नुसतं केलं."

उजवीकडे फिरवल्यावर बोल्ट पाच मिनिटांत इडलीपात्रात आला. दुपारी आजोबा तो सेल्फ मांडीवर घेऊन ऑटोने गेले. मी सोबत होते, पण उचलायला त्यांनी मला दिला नाही आणि मी डॉक्टरांचं नाव घेतलं नाही. दुरुस्तीच्या दुकानात मोटरच्या आतले कार्बनचे झिजलेले तुकडे बदलले. रविवारी आम्ही सगळं परत बसवलं. वहीतले नंबर मी उलटे वाचत गेले आणि या वेळी ते उपयोगी पडले. आजोबा किल्ली फिरवायला बसले. पहिल्या खेपेला टक्. दुसऱ्या खेपेला गाडी सुरू झाली. सोमवारी भंगारवाला आला, तेव्हा आजोबा ती गल्लीत मागेपुढे करत होते. त्याच दिवशी मी नव्या बांगड्या भरल्या, मग दोरा सोडला. एप्रिलमध्ये आम्ही तीच गाडी घेऊन कुहीला जाऊन आलो.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर दुपारी झोपेतच ते गेले. तुम्हाला माहीत आहे.

दहाव्याला त्यांच्याकडची एक वृद्ध जाऊ मला विचारत होती की ते असताना मी कधी हात मोकळा केला होता का. मी नाही म्हटलं. मग रात्रभर विचार केला की ते खोटं होतं की खरं. दोरा होता. पण एक बांगडी फुटलीही होती. ते कशाने गेले हे डॉक्टरांनी मला नीट समजावलं, मला ते कळलं, मी मान डोलावली. तरीही वहीतली ती कोरी ओळ मी अजून भरलेली नाही. दोन गाठी मारताना ते थट्टा करत होते की मला धीर देत होते, हेही मला ठरवता येत नाही. तुमच्या आईला हे सांगितलं नाही. तिला माझं इंजिन दुरुस्त करणंच आवडतं.

उरलेल्या पाच बांगड्या साखरेच्या त्याच बरणीत आहेत, चिठ्ठी लावून. गाडी पोर्चमध्ये आहे आणि अजून दुसऱ्या खेपेला सुरू होते.