मंजुळा आणि स्टीलचा डबा

आता तुम्ही हसणार, हे मला ठाऊक आहे. हसा! पण आधी चहा खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. पन्नाशीच्या माणसाने, सरकारी नोकरीतल्या, स्कूटरवर बसून आपल्याच बापाच्या मैत्रिणीला घराबाहेर काढलं. आणि ती मैत्रीण म्हणजे पाल!

हो हो, पालच. भिंतीवरची. तुमच्या घरी असते तीच.

आम्ही इकडे हिंदी मुलखातल्या स्नेहलतागंज मोहल्ल्याचे जुने रहिवासी. घरात मी, बायको वैशाली आणि बाबा. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि बाबांचं बोलणंच आटलं. पेपर वाचायचे, जेवायचे, पंख्याकडे बघत बसायचे. आम्ही काही विचारलं की "हं". बस्स, इतकंच. फार वाईट वाटायचं हो.

मग मंजुळा आली, म्हणजे हीच पाल. हॉलमध्ये आईचा फोटो आहे ना, त्याच्यामागे राहायला. एक दिवस बाबा पेपर वाचता वाचता म्हणाले, "यंदा उन्हाळा जास्त आहे." आणि फोटोमागून आवाज आला, चक् चक् चक्!

आमच्या घरी रीतच आहे. पाल चुकचुकली की टेबलावर बोटांनी टकटक करायची आणि 'कृष्ण कृष्ण' म्हणायचं. कारण त्या क्षणी जो बोलत असेल तो खरं बोलतोय, असं आजीपासून चालत आलंय. बाबांनी टकटक केलं, वर बघितलं आणि चक्क हसले.

त्या दिवसापासून बाबा बोलायला लागले! आमच्याशी नाही, तिच्याशी. पण घरात आवाज तर आला.

मी एकदा म्हटलं, "बाबा, लोक कुत्रा पाळतात, पोपट पाळतात. हा काय शौक आहे?"

"अरे, कुत्र्याला फिरवायला न्यावं लागतं. पोपटाला मिरची लागते. ही आपलं आपण मच्छर खाते, कुणाला काही मागत नाही. आणि मी बोललो की 'बरोबर' म्हणते. या घरात माझं बरोबर म्हणणारं दुसरं आहे कोण?"

चक् चक् चक्!

"बघ!" म्हणत बाबांनी टकटक केलं.

प्रॉब्लेम एकच. मला पालीची भीती वाटते. थोडीथोडकी नाही, बेक्कार! पाल दिसली की माझे दोन्ही पाय आपोआप दिवाणावर जातात.

तर दिवाळीच्या आधीचा रविवार. मी हॉलमध्ये पोहे खातोय, वर मस्त शेव, जीरावन मसाला, लिंबू. आणि ही बया वरून टपकन् माझ्या खांद्यावर!

मी किंचाळलो. दिवाणावर उडी. पोहे पंख्यापर्यंत. शेव बाबांच्या डोक्यावर. आणि बाबा इतके हसले, इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

आईनंतर बाबा पहिल्यांदा असे हसले होते. शहाण्या माणसाला आनंद झाला असता. माझा झाला अपमान! ठरवलं, आता या घरात एक तर ती राहील, नाहीतर मी.

दुपारी बाबा झोपले, वैशाली बाजारात गेली. मी स्टीलचा डबा घेतला आणि कुणाच्या तरी लग्नाची जाड पत्रिका. मंजुळा फोटोशेजारीच भिंतीवर होती. मी गणपतीचं नाव घेतलं, डोळे गच्च मिटले आणि डबा भिंतीवर दाबला. आतून फटफट, फटफट! बाप रे! खालून पत्रिका सरकवली, झाकण लावलं, वरून दोन रबर.

नेऊन सोडायचं कुठे? जवळ सोडली तर परत येईल ना! म्हणून सरळ बड्या गणपतीच्या देवळापर्यंत स्कूटर मारली. म्हटलं, देवाच्या दारी राहील, पुण्य लागेल. वाटेत डब्यातला आवाज बंद झाला. बिचारी झोपली असेल, असं वाटलं मला.

एका भिंतीच्या कडेला डबा उघडला, तोंड फिरवून उलटा केला, डोळे मिटून हात जोडले आणि म्हणालो, "जा बाई, सुखी राहा."

मागून एक जण म्हणाला, "भिया, क्या कर रिये हो?"

"छिपकली छोड़ रहा हूँ."

त्याने जमिनीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "तबीयत तो ठीक है ना, भिया?"

मला वाटलं, या शहरात भूतदयेची कदरच नाही राहिली.

संध्याकाळी बाबा फोटोकडे बघून म्हणाले, "आज फार गरम नाही, काय मंजुळा?" उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्यूबलाइटमागे शोधलं, कॅलेंडरमागे शोधलं. आईच्या फोटोला तेवढा हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी ताटात पोळी तशीच ठेवून उठले. जाता जाता म्हणाले, "तुझी आईही अशीच, काही न सांगता गेली."

तुम्हाला सांगतो, मी हातातला घास खाली ठेवला. मी तर नुसती पाल हाकलली होती. बाबांचं काय हाकललं, ते आत्ता कळत होतं.

वैशालीला खरं सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. "अहो, काय केलंत हे! जा, सांगून टाका त्यांना."

पण सरळ सांगेल तो मी कसला? मी आयडिया केली. आमच्या ऑफिसात रामेश्वरजी चौकीदार आहेत, पाल नुसत्या हाताने पकडतात. त्यांना म्हटलं, एक पाहिजे.

"साब, लोग छिपकली भगाने को बुलाते हैं. मांगने वाले आप पहले हो!"

रेकॉर्ड रूममधली एक त्यांनी त्याच डब्यात घालून दिली. घरी आलो. बाबा आंघोळीला गेलेले. मी तोंड फिरवून डबा फोटोशेजारी धरला, तशी ती सरसर भिंतीवर चढली. मी दिवाणावर!

बाबा बाहेर आले. चष्मा लावला. चेहरा उजळला, आणि लगेच उतरला. कारण बाबांना बघताच ती जी पळाली, ती थेट ट्यूबलाइटमागे.

"ही मंजुळा नाही," बाबा म्हणाले.

"कशावरून? पाल ती पाल!"

"मंजुळा मला बघून थांबते रे. ही कोण तरी घाबरट आहे." आणि खुर्चीत बसले, अगदी पूर्वीसारखे, पंख्याकडे बघत.

मग मात्र माझ्याने राहवेना. डोळ्यात पाणीच आलं. मी खाली उतरून त्यांच्यासमोर उभा राहिलो. वैशालीही स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"बाबा, माफ करा. मंजुळाला मीच डब्यात भरून बड्या गणपतीला सोडून आलो."

चक् चक् चक्!

बाबांचा हात सवयीने टेबलावर गेला. टकटक. "कृष्ण कृष्ण..."

आणि आम्ही तिघांनीही एकदम माना वळवल्या. कारण आवाज ट्यूबलाइटमागून नव्हता. आईच्या फोटोमागून होता.

फ्रेमच्या कडेने आधी एक डोकं बाहेर आलं. मग सबंध मंजुळा. बाबांकडे बघत थांबली. मागे शेपटी नाही, नुसता नखाएवढा खुंट!

बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ही तर इथे आहे. मग एवढे हात जोडून तू सोडून कुणाला आलास?"

वैशाली पदर तोंडाला लावून म्हणाली, "शेपटीला!"

हो! डब्यात फटफटत होती ती तुटलेली शेपटी. तिला मी पेट्रोल जाळून देवदर्शनाला नेलं, आशीर्वाद दिले! आणि मंजुळा बिचारी घाबरून तीन दिवस फोटोमागे दडून बसली होती.

बाबा खो खो हसले. त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मला रागावलेसुद्धा नाहीत. फक्त नव्या पालीचं बारसं केलं. ती कुणालाही बघून पळते, उंच जागी चढून बसते, म्हणून तिला माझं नाव ठेवलं. श्रीकांत!

परवा देवासहून आत्याचा फोन आला. मला ऐकू यावं म्हणून बाबांनी मुद्दाम स्पीकर लावला.

"श्रीकांत काय करतोय रे?" आत्याने विचारलं.

"ट्यूबलाइटमागे लपलाय. मंजुळाला घाबरतो."

मला वाटलं, आत्या दचकेल, विचारेल, हे काय भलतंच? कसलं काय! ती शांतपणे म्हणाली, "लहानपणापासून तसाच आहे तो."

फोटोमागून लगेच, चक् चक् चक्!

बाबांच्या हातात फोन होता. म्हणून मीच पुढे झालो आणि टेबलावर टकटक केलं. खरं ते खरं!