भोंग्यावरचं नाव

चंपतरावाने अर्धं आयुष्य दुसऱ्याचे बैल पळवले. सावनेरकडचं गाव, घरी कोरडवाहू तुकडा, शिक्षण चौथी नापास. पण शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, त्याच्यासारखा धुरकरी आसपासच्या दहा गावांत नव्हता. छकड्यावर उभा राहून तो बैलांशी काय बोलायचा देव जाणे, पण जोडी सुटली की सुटली, मग डोळ्यांना नुसती धूळ दिसायची. रेघ ओलांडली की धुरकरी कासरा टाकून दोन्ही हात आभाळाकडे उचलायचा. पुढे उभी असलेली माणसं धावत येऊन जोडी झेलून घ्यायची आणि भोंग्यावर नाव पुकारलं जायचं.

नाव मालकाचं. जोडी ज्याची, नाव त्याचं आणि फेटाही त्याचाच. धुरकऱ्याच्या वाट्याला पाठीवरची थाप आणि रात्री पंगतीत रश्श्याची एक जास्तीची वाटी. रिवाजच तसा होता आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. चंपतरावाला वाटायचं. हात वर करून उभा असताना दर वेळी त्याला वाटायचं, आज तरी भोंगेवाला चुकेल आणि आपलं नाव घेईल. भोंगेवाला पैसे घेऊन बोलायचा, तो कशाला चुकतो?

पुढे कोराडीचं वीजघर उभं राहू लागलं तेव्हा तो नागपुरात येऊन एका ठेकेदाराचा ट्रक चालवू लागला. सात-आठ वर्षं राख आणि कोळसा खाऊन, बायकोच्या, मनकर्णेच्या, अंगावरचा शेवटचा डाग विकून त्याने एक जुनी काळी ॲम्बेसेडर घेतली आणि टॅक्सी केली. मानकापूरला भाड्याची खोली, दाराशी गाडी. स्टेशनवरून साहेब लोकांना कोराडी-खापरखेड्याला न्यायचं, परत आणायचं. दोन वेळची चूल त्या गाडीवर पेटायची. जन्मात पहिल्यांदा जोडीही त्याची होती आणि धुरकरीही तोच होता.

गाडीचा विमा उतरवला वामनरावाने. हा त्याचा शेजारी. विम्याचा एजंट, बोलण्यात साखर, आणि मढ्याच्या टाळूवरचं लोणीही न सांडता खाईल असा सफाईदार. शहरातल्या पैसेवाल्यांच्या पोरांनी एक मोटार क्लब काढला होता. वामनराव तिथे शर्यतीच्या दिवशी वेळ मोजायचं घड्याळ धरून उभा राहायचा. मोठ्या गाड्यांचे विमे मोठे असतात, म्हणून घड्याळ धरायचं.

अठ्ठ्याहत्तरच्या थंडीत क्लबने शहराबाहेरच्या एका पडीक विमानपट्टीवर शर्यत ठेवली. नियम एकच, ज्याची गाडी त्यानेच चालवायची. चंपतराव तिथे गेला तो क्लबच्या जेवणाचे डबे आणि बर्फाची पेटी पोचवायला. गेला तसा परत आला असता तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं. पण एक गाडी आलीच नाही आणि क्लबचा सेक्रेटरी आनंदराव याला मस्करी सुचली. आनंदराव जिनिंग कारखानदाराचा मुलगा, स्वतःच्या लाल फियाटवर जीव टाकणारा. तो म्हणाला, "चंपत, तुही टॅक्सी लाव ना गा! मीटर चालू ठेव फक्त."

सगळे खदाखदा हसले. चंपतरावाला हसू ऐकू आलं, पण त्याहून जास्त ऐकू आला भोंगा. बाभळीच्या खांबावर भोंगा बांधला होता आणि त्याच्यावरून गाडीवाल्यांची नावं पुकारली जात होती. गाडीवाल्यांची, म्हणजे मालकांची.

तो वामनरावाला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, माहं पोट हाये त्या गाडीवर. आदळली-बिदळली तं?"

"विमा काय पुजाले उतरवला का गा? मीच तं उतरवला," वामनराव म्हणाला. "जाय, बेफिकर जाय."

चंपतरावाने बर्फाची पेटी खाली उतरवली आणि गाडी रांगेत लावली.

पट्टीच्या दोन टोकांना डांबराची पिंपं ठेवली होती. त्यांना वळसे घालत तीन फेऱ्या मारायच्या. पहिल्या फेरीत तो शेवटी होता आणि क्लबवाले पोट धरून हसत होते. दुसऱ्या फेरीत धूळ उठली. नव्या गाड्यांच्या काचांपुढे पडदाच पडला, पोरं चाचपडू लागली, कोणी ब्रेक दाबले. चंपतराव मात्र रोज कोराडीच्या राखेतून, समोरून येणारे कोळशाचे ट्रक नुसत्या आवाजावर ओळखत गाडी काढायचा. धूळ त्याला घरच्यासारखी होती. एकेक करून त्याने सगळ्यांना मागे टाकलं. शेवटच्या वळणावर लाल फियाटच्या आतल्या बाजूने तो असा सटकला की आनंदरावाला फक्त टॅक्सीचा पिवळा टप दिसला.

चुन्याची रेघ त्याने सगळ्यांच्या आधी ओलांडली. आणि तिथेच घात झाला. वीस वर्षांची सवय हाडात मुरलेली असते. रेघ ओलांडताच चंपतरावाने चाक सोडलं आणि दोन्ही हात वर केले.

गाडीला झेलायला पुढे कोणी उभं नव्हतं.

पट्टीच्या कडेला गिट्टीचे ढीग होते. ॲम्बेसेडर त्यांच्यावर चढून उलटली, आणि तिच्याखाली चंपतरावाचा उजवा पाय गुडघ्यापासून चेचला गेला. भोंगा मुकाच राहिला. लोकांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा शुद्ध हरपता हरपता त्याने विचारलं, "नाव घेतलं का?"

सरकारी दवाखान्यात पाय गुडघ्यावरून कापला. आठवड्याभराने वामनराव संत्री घेऊन आला आणि खाटेजवळ वाकून हळूच बोलला, "चंपत, एक घोळ हाये गा. शर्यतीत मोडली तं कंपनी कवडी देत नाही. असं सांगू का कोराडी रोडवर म्हैस आडवी आली. तू फक्त अंगठा... नाही, तुले सही येते, सही कर."

मनकर्णा उशाशी बसली होती. ती सरळ बाई, एवढं वळण तिला जमलं नाही. "तुमी जितले ना वो?" ती म्हणाली. "मंग म्हैस कायले पाहिजे?"

"जितल्यानं चूल पेटते का वं?" तो तिच्यावर खेकसला. मग भिंतीकडे तोंड करून त्याने सही केली. जन्मभर जे नाव भोंग्यावर यायची वाट पाहिली, त्याच नावाने आपण शर्यतीत नव्हतोच असं लिहून दिलं. त्याला फार वाईट वाटलं. पण पाय गेला होता, गाडी तरी परत यावी, एवढाच हिशेब त्याच्यापाशी उरला होता.

खोटं ते खोटंच, त्याचं मी समर्थन करत नाही. पण खोटं बोलायलाही घरात दाणे असावे लागतात, गरिबाचं खोटं दोन दिवस टिकत नाही. वामनरावाने तो कागद कंपनीत देण्याआधी क्लबमध्ये दाखवला. चषक कोणाला द्यायचा यावर तिथे घोळ चालला होता, टॅक्सीवाल्याला देताना सगळ्यांच्या जिवावर आलं होतं. आनंदरावाने कागद वाचला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. माणूस स्वतःच सही करून सांगतो की तो त्या दिवशी कोराडी रोडवर होता, मग पहिला कोण? चषक आनंदरावाच्या दिवाणखान्यात गेला.

पंधरवड्याने कंपनीचा माणूस चौकशी करत क्लबमध्ये आला. आनंदराव सुशिक्षित घरातला, कंपनीशी खोटं कसं बोलणार? त्याने सांगितलं, म्हैसबीस काही नाही, गाडी शर्यतीत मोडली, शेकडो लोकांनी पाहिलं. कंपनीने दावा फेकून दिला. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, असं आपण सहज म्हणतो. चंपतरावाच्या हाती कुबड्या आल्या.

गाडी भंगारात गेली. मनकर्णा सदरमध्ये चार घरची भांडी घासू लागली. चंपतराव टॅक्सी स्टँडवर कुबड्या टेकून दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी गिऱ्हाइकं पुकारू लागला, "कोराडी, कोराडी!" स्टँडवरच्या ड्रायव्हरांना गंमत सापडली होती. तो दिसला की ते दोन्ही हात वर करायचे. पुढे पुढे पानठेलेवालाही करू लागला, आणि एकदा ओळखदेख नसलेल्या पोलिसाने केले. चंपतरावाला राग यायचा तो पहिले दोन महिने, मग तोही यायचा बंद झाला.

वर्ष फिरलं आणि वामनराव पेढे घेऊन दारात आला.

"चंपत, येत्या इतवारी शर्यत हाये. तू चाल मह्या संग."

"मी काय करू तिथं?"

"काही नाही गा, नुसता उभा राय. क्लबवाल्यायले यंदा शर्यतीचा विमा घ्यायले लावून राहिलो मी. त्या एका दिवसापुरता असते, वरतून थोडे पैसे भरले का शर्यतीत मोडली तरी भरपाई. पण कोणी घेतच नाही. तुले पाहिलं तं घेतीन."

चंपतरावाच्या हातातला पेढा तसाच राहिला. "असा विमा मागच्या सालीबी होता?"

"होता ना."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

वामनराव जरा ओशाळला, पण जराच. "आता तुले खोटं काय सांगू? आम्हाले वाटलं तू मांगंच राहशीन. मांगं राहणाऱ्याले कायचा विमा गा?"

मनकर्णेने पेढ्यांचा पुडा उचलून नालीत फेकला आणि वामनरावाला दारातून हाकललं. तरीही रविवारी चंपतराव गेला. का गेला, हे तिने रडून विचारलं, शिव्या देऊन विचारलं. तो म्हणाला, "नाव घेनार हायेत."

आणि घेतलं. गाड्या रांगेत लागल्या, लोक जमले, आणि आनंदरावाने भोंग्यावरून खणखणीत आवाजात सांगितलं, "दोस्तहो, यायले पाहा. हे चंपतराव. विमा नव्हता!"

आपलं नाव पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेलं चंपतरावाने ऐकलं. 'विमा नव्हता' हे त्याला ऐकू आलं की नाही, कोण जाणे. त्याचे दोन्ही हात आपोआप वर गेले. कुबड्या दोन्हीकडे पडल्या आणि पाठोपाठ तो तोंडावर मुरमात पडला. लोक इतके हसले की भोंगा ऐकू येईना.

त्या दुपारी वामनरावाला विम्याचे अर्ज कमी पडले.