एक जूनला न जन्मलेला माणूस

"एक जूनचं सगळं खोडा," दत्ताराम मांडवकर म्हणाले. "त्या दिवशी मी जन्मलोच नाही."

माझ्या हातात त्यांच्या पंचाहत्तरीची स्क्रिप्ट होती. हॉल बुक झालेला, केटरर ठरलेला, बॅनर छापायला गेलेला. आणि उत्सवमूर्ती समोर बसून सांगतेय की जन्म झालेला नाही. तीस वर्षांच्या करिअरमध्ये ऐन वेळी लग्न मोडलेलं पाहिलं, सत्काराला सत्कारमूर्ती दुसऱ्याच गावी पोचलेली पाहिली, पण जन्म कॅन्सल झालेला प्रथमच पाहत होतो.

मी रत्नागिरीतला निवेदक. लग्न, मुंज, उद्घाटन, सत्कार, शोकसभा, जिथे माइक तिथे मी. आवाज असा की मिरजोळ्यात 'हॅलो, हॅलो, चेक' म्हटलं की हातखंब्याला ट्रकवाले हॉर्न देऊन उत्तर देतात. लोकांना वाटतं निवेदकाचं काम बोलणं. तसं नाही. निवेदकाचं काम वेळ भरणं. पाहुणे कधी वेळेवर येत नाहीत, आणि प्रमुख पाहुणे तर मागच्या शतकात घरून निघालेले असतात. तोवर हॉल धरून ठेवायला जे बोलायचं त्याला आम्ही फिलर म्हणतो. कोणी विनोद सांगतं, कोणी शायरी. माझा फिलर दिनविशेष. 'आजच्याच दिवशी, मंडळी...' अशी सुरुवात करायची आणि त्या तारखेला जगात काय काय घडलं ते सांगत सुटायचं. कुठलीही तारीख द्या, माझ्याकडे तिची एक लढाई, एक शोध, एक थोर जन्म आणि एक थोर मृत्यू तयार असतो. एकदा वरात वाटेत अडकली तेव्हा मी पानिपतावर हॉल इतका वेळ धरला की करवल्यांच्या वेण्यांतली फुलं सुकली. शेवटी नवरदेव दारात आला, तर लोक म्हणाले, थांबवा त्याला, आधी लढाई संपू दे.

तर दत्ताराम. वय पंचाहत्तर, निदान कागदावर. उभा जन्म मालवाहू बोटींवर काढलेला माणूस. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा राजेश दुबईला. मिरजोळ्याच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहायचे. राजेशने मला फोनवर ठरवलं होतं. "काका, ग्रँड करा. मी व्हिडिओ कॉलवर असेन."

मी एक जूनची फर्स्टक्लास तयारी केली होती. आजच्याच दिवशी डेक्कन क्वीन पहिल्यांदा धावली. आजच्याच दिवशी पहिली एसटी पुण्याहून नगरला सुटली. आजपासूनच मासेमारी बंद होऊन होड्या किनाऱ्यावर येतात, तसे आमचे दत्ताराम आयुष्याच्या किनाऱ्यावर, वगैरे वगैरे. ते वाचून दाखवत होतो तेव्हाच त्यांनी खोडायला सांगितलं.

"अहो, आधारवर एक जून आहे," मी म्हणालो.

"माझ्या वर्गातल्या सगळ्यांच्याच आहे."

हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. त्या काळी बाप पोराला शाळेत घालायला घेऊन जायचा. मास्तर विचारायचे, जन्म कधीचा? बाप म्हणायचा, नाचणी कापत होतो तेव्हाचा. मास्तर मान हलवायचे आणि एक जून लिहायचे, म्हणजे शाळेत घ्यायला वय बरोबर बसतं. आमच्याकडे त्या पिढीत एक जूनला इतके जन्म आहेत की तेवढे खरोखर झाले असते तर सुइणींना पालखीतून फिरवावं लागलं असतं.

"मग खरी तारीख कुठली?"

"ती तुम्ही शोधायची. तारखांचा धंदा तुमचा."

इथे माझी खरी अडचण सुरू झाली. माझा धंदा एका बाजूने चालतो. तारीख द्या, घटना देतो. हे गृहस्थ घटना देऊन तारीख मागत होते. आणि घटना तरी केवढी? आई एवढंच सांगायची की तू झालास तेव्हा बंदरात आगबोटीचा भोंगा वाजला होता. बाळंतपण माहेरी झालेलं, खाडीच्या तोंडाशी. आता आगबोटी पावसाळ्यात बंद असायच्या, बाकी रोज असायच्या. म्हणजे पावसाचे महिने कटाप, उरलेलं वर्ष शिल्लक.

मी वाचनालयात जाऊन जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळल्या. शिंका इतक्या आल्या की ग्रंथपालबाईंनी खिडक्या उघडल्या आणि निम्मे वाचक घरी गेले. जगात रोज काहीतरी झालेलं होतं. कुठे सरकार पडलेलं, कुठे पूल बांधलेला. खाडीच्या तोंडाशी एक मुलगा झाला, हे कोणी छापलं नव्हतं.

मी परत मिरजोळ्याला गेलो. दत्ताराम गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. समोर एमआयडीसीच्या शेडची पत्र्याची भिंत. तिच्याकडे ते असे बघत होते जसं कोणी समुद्राकडे बघावं.

"कागदात काही नाही," मी म्हणालो. "त्या वेळचं माणूस कोणी आहे का?"

त्यांनी खुर्ची पत्र्याकडे आणखी वळवली.

"आक्का आहे. मोठी बहीण."

"मग प्रश्नच मिटला. विचारा की."

"तुम्ही विचारा."

"तुमची बहीण, तुमचा जन्म, आणि विचारू मी?"

"पैसे कशाचे घेता?"

मग हळूहळू बाहेर पडलं. आई गेली तेव्हा दत्ताराम बोटीवर होते, कुठल्या तरी लांबच्या बंदरात. तार पोचायला उशीर झाला. घरी आले तेव्हा वर्षश्राद्धच बाकी होतं. आक्काने दारातच विचारलं, "बोट नाय ना चुकली तुझी?" दत्ताराम बॅग न उघडता मागे फिरले. तेव्हापासून दोघं कुणाच्या लग्नात दिसली तरी वेगळ्या पंगतीला. ह्या माणसाने मला का धरलं ते आता कळलं. बहिणीला विचारावं लागू नये म्हणून त्यांनी अख्ख्या जगाचा इतिहास कामाला लावला होता.

आक्काचं गाव हातखंब्यावरून आत. मी गेलो तेव्हा म्हातारी पडवीत फणसाच्या आठळ्या निवडत बसली होती. मुंबईची माणसं आंबे खाऊन परतलेली. घरात ती आणि एक मांजर. मी ओळख सांगितली, काम सांगितलं. तिने आठळ्यांवरची नजर काढली नाही.

"म्हायताय मला दिवस," ती म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. मोबाइल काढून लिहायला बसलो.

"तुम्हाला नाय सांगणार. त्याला सांगीन. त्याला म्हणावं ये."

"आक्का, फोन लावून देतो."

"फोनवर माणूस जन्मत नाय."

दत्तारामना निरोप दिला. ते भडकले. "माझीच तारीख न्यायला तिच्या दारात उभा राहू?" मी तिकडे परत गेलो, ती म्हणाली, नाय तर नाय. असे माझे फेरे सुरू झाले. दोन देशांच्या सीमेवर दूत फिरतात तसा मी मिरजोळे आणि पडवी ह्यांच्या मध्ये फिरत होतो. फरक एवढाच की दूतांना गाडी मिळते, माझी मला न्यावी लागत होती.

राजेशचा दुबईहून फोन आला. "काका, इव्हेंटचं काय झालं? मी रजा टाकलीय."

"तुमचे वडील अजून जन्मायचे आहेत."

"काय?"

"पोस्टपोन."

एक जून आला. हॉल सोडून दिला होता, पण मी उगाच मिरजोळ्याला डोकावलो. दत्ताराम एकटे बसून भाताची पेज जेवत होते. मी म्हटलं, तरी पण शुभेच्छा. ते म्हणाले, त्या वर्गातल्या बाकीच्यांना द्या, त्यातला एकही उरला नाही. त्यांना एकटं जेवताना बघून वाटलं, मीही कित्येक वर्षं असाच जेवतोय. निवेदकाचं जेवण शेवटी असतं, हॉल रिकामा झाल्यावर, खुर्च्या रचण्याच्या आवाजात. घरी गेलो की हा हातखंब्यापर्यंत जाणारा आवाज खाली ठेवतो. तिथे ऐकायला कोणी नाही. म्हणून असेल, मी आणखी एकदा आक्काकडे गेलो.

ह्या वेळी परत निघालो तर म्हातारी गडग्यापर्यंत मागे आली. आमच्याकडे चिऱ्याच्या कुंपणाला गडगा म्हणतात. त्यावर हात ठेवून तिने आधी इकडेतिकडे बघितलं. बघायला होतं कोण, मांजर.

"एक सांगते. मी तेव्हा पाच वर्षांची. भाऊ झाला एवढं आठवतंय. मला शेजारी जेवायला धाडलेलं. दिवस कुठला आठवायला?"

"मग म्हायताय म्हणालात ते?"

"हाय म्हटलं तर येईल कधीतरी. नाय म्हटलं तर कशाला येतोय?"

मी आयुष्यभर थापा मारून पोट भरलं, पण असली बिनचूक थाप मला कधी सुचली नाही.

"तुमच्याकडे दिवस असतात ना," ती म्हणाली. "एक द्या बघून. लढाया-बिढाया झालेला नको. थोरामोठ्यांचा नको, त्याचं मग कोण विचारणार? कोणाचाच नसेल असा द्या."

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. प्रत्येक निवेदकाकडे एक मेलेला दिवस असतो. त्या तारखेला जगात काहीच धड झालेलं नसतं. फार तर कुठल्या परदेशी नगरपालिकेने ट्रामचे दर बदललेले. त्या दिवसाची सुपारी, म्हणजे कार्यक्रम, आली की आम्ही शायरीची वही शोधतो. माझाही तसा एक आहे, हिवाळ्यातला. तो कुठला ते इथे लिहिणार नाही. तुमच्यातला कोणी तरी इंटरनेटवर बसून तिथे एखादी क्रांती शोधून काढेल.

तो दिवस मी आक्काला दिला. तिने बोटांवर काहीतरी मोजलं. "चांगला हाय," म्हणाली. "तोवर तांदूळ नवीन येतात."

दत्तारामना निरोप गेला तो असा: दिवस थंडीत आहे, जवळ आला की कळवीन, चुकला तर वर्षभर थांब. पंचाहत्तरीच्या माणसाला वर्षभर थांब म्हणणं म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. त्यातून हा बोटीवरचा माणूस, सुटायची वेळ चुकवणं त्याच्या रक्तात नाही. थंडीत आक्काचा निरोप आल्यावर मी घ्यायला गेलो तर हे इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून, बिल्डिंगच्या गेटवर उभे. वॉचमन म्हणाला, उजाडल्यापासून आहेत.

वाटेत त्यांनी दोनदा घड्याळ बघितलं. आक्का पडवीत उभी होती.

"आलास?"

"तारीख सांग."

"आज."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी झाडाकडे बघितलं.

"आजच?"

"मग परवाच्या दिवशी बोलावलं असतं का? बस त्या पाटावर."

तिने निरांजन आणलं आणि ओवाळलं. ज्योत जरा जास्तच वेळ फिरली. घावणे केले होते, सोबत नारळाचा रस. दत्तारामनी पहिला घास घेतला आणि ताटात बघत म्हणाले, "मला तार उशिरा मिळाली होती."

"म्हायताय. जेव."

त्या विषयावर दोघांचं एवढंच बोलणं झालं. मग आक्का माझ्याकडे वळली. "तुमचं काय ते बोला. आजच्याच दिवशी."

मी उठून अंगणात उभा राहिलो. राजेशला कॉल लावला, पण तिथे रेंज नव्हती. समोर प्रेक्षक तीन, त्यातलं मांजर पाठमोरं. लढाई नाही, शोध नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे सांगायला एकच घटना होती. "आजच्याच दिवशी," मी म्हणालो, "दत्ताराम झाले." आवाज विहिरीपर्यंतही गेला नसेल.

परतताना दत्ताराम काच खाली करून बाहेर बघत होते. हातखंबा मागे टाकल्यावर बोलले.

"मघाशी विचारलं, तर आक्काला काल काय शिजवलं ते आठवलं नाही."

मी गिअर बदलला.

"तुमची आहे ना ही तारीख?"

"काका, मी काय..."

"असू दे. मास्तरांनी दिली ती अख्ख्या वर्गाला एक दिली होती. ही तिने माझ्यासाठी मागितली." मग काच वर केली. "राजेशला सांगा, बॅनर नको."

यंदा तो दिवस मी मोकळा ठेवला होता. एका सोसायटीच्या वर्धापनदिनाची चांगली सुपारी आलेली, ती सोडली. शर्ट इस्त्री करून बसलो. दुपारी न राहवून फोन केला, तर मागे एसटीच्या घंटीचा आवाज. दत्ताराम एकटेच निघाले होते, पिशवीत तिच्यासाठी गुडघ्याचं तेल घेऊन. मला विचारलं, तुम्ही कसे आहात. मी म्हटलं, मजेत. त्यांनी 'तुम्हीही या' म्हटलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं.

नव्या निवेदकांना मी एकच सांगतो. काम नीट झालं की पार्टी पुन्हा बोलावत नाही. त्यामुळे त्या दिवशीची दुसरी सुपारी सोडू नये.