नकाशा आणायला

भांडुपच्या आमच्या शाळेत सुलक्षणा मावशी सव्वीस वर्षं घंटा देतायत. हुद्दा सेविकेचा. म्हणजे घंटा देणं, पाणी भरणं, सूचनांची वही वर्गावर्गातून फिरवणं आणि मुख्याध्यापकांना चहा हवाय हे त्यांच्या आधी ओळखणं. मूळ गाव कुडाळकडचं. सासरे गिरणीत होते. नवरा गेल्यावर मावशी शाळेत लागल्या. मुलगा काय करतो असं कोणी विचारलं की सांगायच्या, "सर्वेश ऐरोलीक कामाक आसा, नाइट शिफ्टक." विचारणारा मान डोलवून पुढे जायचा. खरं म्हणजे सर्वेश तीन वर्षं घराबाहेर पडलेला नव्हता. शाळेत कोणालाच हे ठाऊक नव्हतं. मी त्याला दोन वर्षं भूगोल शिकवला, पण मीही कधी खोदून विचारलं नाही.

पुढचं सगळं माझ्याच मूर्खपणातून सुरू झालं.

दोन वर्षांपूर्वी शाळेला समुपदेशक मिळाल्या. दीप्ती मॅडम गोवंडीहून यायच्या, मंगळवारी आणि शुक्रवारी. शाळेत रिकामी खोली नाही, म्हणून त्यांना नकाशांची खोली दिली. स्मार्टबोर्ड आल्यापासून तिकडे कोणी फिरकत नव्हतं. दांडीला गुंडाळलेले चाळीस नकाशे, आसातून निखळलेला एक पृथ्वीगोल आणि दोन खुर्च्या, एवढंच तिथे होतं. पहिल्याच मंगळवारी मुख्याध्यापकांनी वहीत सूचना काढली की खालील विद्यार्थ्यांनी समुपदेशनासाठी जावे. खाली नावं. वहीतली सूचना वर्गात मोठ्याने वाचायची आणि सही करायची, अशी आमची पद्धत. मग ती शिष्यवृत्तीची असो नाहीतर जंताच्या गोळ्यांची. मावशींनी वही समोर धरली आणि मी नववी ब मध्ये ती खणखणीत वाचली. नाव होतं ऋतिका राणे. मागून कोणीतरी "मेंटल" म्हणालं. वर्ग हसला. मी "शांत बसा" म्हटलं आणि सही केली.

ऋतिका मॅडमकडे गेली नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळेतही आली नाही. तिची आई येऊन, माझी मुलगी वेडी नाही, असं मुख्याध्यापकांना ऐकवून गेली. बाराव्या दिवशी मावशींनी मला जिन्यात गाठलं. ऋतिका चाळीत त्यांच्या शेजारच्याच खोलीत राहते.

"सर, पोरगी बारा दिस भिंतीकडे तोंड करून पडली आसा. पोरांक नावान बोलवू नकात. नकाशो आणूक बोलवा. नकाशो आणूक गेलेल्याक कोण हसणा नाय."

मला लाज वाटली. हे मला सुचायला हवं होतं, नकाशे माझेच होते. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाची मावशींना एवढी माहिती कशी, हा प्रश्न मात्र मला पडला नाही.

मावशी संध्याकाळी ऋतिकाच्या घरी जाऊन काय बोलल्या, माहीत नाही. सोमवारी ती शाळेत आली. मंगळवारी मावशी नववी ब च्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "राणे, सरांका नकाशो हवो." ऋतिका गेली. चाळीस मिनिटांनी जगातील प्रमुख वारे घेऊन परत आली. वर्गाने वाऱ्यांकडे बघितलं, ऋतिकाकडे नाही.

मग ती पद्धतच पडली. सूचनेतली नावं बंद झाली. ज्याला जायचं असेल तो पाण्याच्या टाकीपाशी मावशींना विचारायचा, "मावशी, आज नकाशा आणायचाय?" मावशी वार बघून हो म्हणायच्या. आठवड्याला बारा-पंधरा नकाशे वर्गात यायला लागले. आणलेला नकाशा लावला नाही तर संशय येणार, म्हणून मराठीच्या तासाला वसुधाबाई मागे आफ्रिका लटकवून कविता शिकवत. मुख्याध्यापकांनी वार्षिक अहवालात माझं कौतुक केलं, शैक्षणिक साधनांचा प्रभावी वापर म्हणून. मी ते निमूट घेतलं. सहामाहीत नववीची मुलं भूगोलात बरी निघाली, तेवढं श्रेयही माझ्याच नावावर जमा झालं.

ऋतिका दहावीत गेली. हसायला लागली, उलट उत्तरंही द्यायला लागली. एका शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी घंटेपाशी मावशींशी बोलत उभा होतो, तेव्हा ती समोर आली.

"मावशी, तुला नकाशा आणायला बोलावलंय."

"माका? कोणी?"

"मी. मॅडमना विचारलंय, शाळेतलं कोणीही येऊ शकतं म्हणाल्या."

"माका कित्याक?"

ऋतिका जराही चाचरली नाही. "सर्वेशदादा नाइट शिफ्टला असतो ना? मग रात्रभर भिंतीपलीकडे खोकतं कोण?"

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मला नजर कुठे ठेवावी कळेना. ज्या बाईने शाळेतल्या पन्नास मुलांची लाज झाकली, तिला स्वतःची झाकायला एक नाइट शिफ्ट पुरत होती, आणि ती आम्ही सगळ्यांनी आनंदाने मान्य केली होती.

"घंटा कोण देतलो?" त्या एवढंच म्हणाल्या.

"सर देतील," ऋतिका म्हणाली. मला कोणी विचारलं नाही.

मावशींनी लाकडी ठोकळा माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि गेल्या. मी खोलीच्या बंद दाराकडे बघत राहिलो. सुट्टी संपायची वेळ होऊन गेली. पोरांना वाटलं आज लॉटरी लागली. अकरा मिनिटांनी मुख्याध्यापक बाहेर येऊन ओरडले, तेव्हा मी घंटा दिली.

पुढचा तास अर्धा झाल्यावर मावशी बाहेर आल्या. डोळे लाल होते आणि काखेत भारताचा नकाशा. रिकाम्या हाताने यायचं नाही हा नियम त्यांचाच.

"ह्यो खय लावूचो?"

मी तो स्टाफरूममध्ये लावला. माझ्यासारखे तास नसलेले चार-पाच शिक्षक डबे उघडून बसले होते, सगळे बघत होते. मावशी दारातच थांबल्या आणि कोणी न विचारता म्हणाल्या, "मी खोटा सांगी होतंय. झील कामाक जाणा नाय. तीन वर्सां घरातच पडान आसा." वसुधाबाईंनी उठून त्यांना आपली खुर्ची दिली. सव्वीस वर्षांत मावशी त्या खोलीत पहिल्यांदा बसल्या.

सर्वेश अजून बाहेर पडलेला नाही. दीप्ती मॅडम दोनदा त्यांच्या घरी जाऊन आल्या. दुसऱ्या वेळी त्याने दार उघडलं, म्हणतात. मावशी दर मंगळवारी नकाशा आणायला जातात, आणि त्या दिवशी शाळेची घंटा मी देतो. ती जरा उशिराच होते.