यमुनावहिनींची जागा

महिन्यापूर्वी शेवगावच्या एसटीच्या कंडक्टरने सकाळी शाळेच्या फाटकाशी मला गाठून सांगितलं, "गुरुजी, तुमचे सखाराम पेंटर गेले." मी तसाच वर्गात गेलो आणि मुलांना मडकं काढायला लावलं. दुसरं काही सुचेना.

सखारामने जन्मभर जत्रेतल्या नाटकांचे पडदे रंगवले. महाल, जंगल, रस्ता, तुरुंग... मांजरपाट जमिनीवर अंथरून, पावडरचे रंग सरसाच्या खळीत कालवून, तो त्यावर अनवाणी फिरत रंगवायचा. पडद्याचा मधला भाग मात्र साधाच सोडायचा. मी पडलो चित्रकलेचा मास्तर, नाक खुपसल्याशिवाय राहवतंय कुठे? असं का, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "तिथं मानसं हुबी ऱ्हात्यात, गुरुजी. आपुन जागा ठिवायची."

दुष्काळाच्या साली जत्रा झाल्या नाहीत, पडद्यांचं काम थांबलं. त्याआधीच्याच वर्षी यमुनावहिनी, त्याची बायको, गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. त्या रिकाम्या दिवसांत त्याने पहिल्यांदा स्वतःसाठी चित्र काढलं. उरलेल्या मांजरपाटावर, त्याच सरसाच्या रंगांत, आपलं स्वयंपाकघर. चूल, फडताळ, खुंटीवरची चाळण सगळं कडेला, आणि मध्ये नुसती मातकट भिंत. चित्र नगरच्या प्रदर्शनात लागावं, एवढीच त्याची इच्छा. ते पोचवायचं काम त्याने विश्वासाने माझ्याकडे दिलं.

चित्र फार रिकामं वाटतं, परत पाठवतील, अशी मला धास्ती. शेवटी त्याला न विचारताच मी त्या भिंतीपुढे, बरोबर मध्ये, परात घेतलेली एक बाई रंगवली. चित्र लागलं. मी मोठ्या हौसेने त्याला नगरला घेऊन गेलो. तो चित्रापुढे बराच वेळ उभा राहिला. चिडला असता तर बरं झालं असतं.

"बाई चांगली काढलीया, गुरुजी," तो म्हणाला. "पर यमुनाला आता जागा न्हाई ऱ्हायली."

पुढे जत्रा सुरू झाल्या, त्याने पडदे रंगवले, माझ्याकडे चहालाही येत राहिला. स्वतःचं चित्र मात्र पुन्हा काढलं नाही. माफी मागायची माझ्याकडून राहूनच गेली... उद्या मागू, परवा मागू, असं करत.

दिवसकार्य झाल्यावर त्याच्या पुतण्याने ते चित्र मला आणून दिलं. संध्याकाळी दार लावून, ओलं फडकं घेऊन मी ती बाई पुसायला बसलो. पण सरसाचा रंग पाण्याने सुटतो, हे मला कळायला हवं होतं. पहिल्याच हाताला माझ्या बाईच्या पदराबरोबर सखारामची भिंतही निघाली. हात थांबवला आणि फार एकटं वाटलं.

चित्र आता माझ्या खोलीत आहे. बाई अर्ध्या पदरानिशी मधोमध उभी आहे. ते फडकं खिडकीच्या गजावर वाळलंय, त्यावर त्याच्या भिंतीचा मातकट डाग आहे. ते धुवायचा मला धीर होत नाही.